नवव्या डबीची सतरा पावलं

वाइंडरचे डोळे गेले ते साखळीनं. आजारानं नाही, दारूनं नाही, देवानंही नाही. मालधक्क्यावर जड पेट्या उचलायची जी साखळी असते तिच्या टोकाला मनगटाएवढा आकडा असतो. तो आकडा एका हमालानं गरगर फिरवला आणि याच्या तोंडावर हाणला. एक डोळा जागीच फुटला. दुसरा दवाखान्यात आठ दिवस तग धरून राहिला आणि मग तोही गेला. तेव्हा वाइंडर एकतीस वर्षांचा होता, आणि जळालेल्या विजेच्या मोटारीला नवी तार भरण्यात, म्हणजे वाइंडिंगमध्ये, त्याचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं.

आता खरं सांगायचं तर चूक एकट्या हमालाची नव्हती. धक्क्यावरची मोटर तिसऱ्यांदा जळाली होती आणि हमाल म्हणाला होता, "जुनीच तार भरतोस काय रे, चोरा?" वाइंडरनं उत्तर तोंडानं द्यायचं ते पान्यानं दिलं. हमालाच्या उजव्या हाताची दोन बोटं काडीसारखी मोडली. मग साखळी फिरली. दोघांनी एकमेकांवर तक्रारी केल्या. दोन्ही तक्रारी एकाच कपाटात शेजारी शेजारी झोपल्या त्या अजून उठल्या नाहीत. हमालाची बोटं वाकडीच बसली. पुढं तो धक्क्यावरच्या सगळ्या हमालांचा मुकादम झाला. वाइंडर खाटेवर पडला.

घरात आई होती आणि धाकटी बहीण. धाकटी जन्मापासून आंधळी, त्यामुळं आंधळं माणूस घरात कसं वावरतं याची त्या घराला सवय होती. सवय नव्हती ती रडक्या माणसाची. वाइंडर तीन वर्षं खाटेवर पडून भिंतीला लाथा मारत होता. ताट आलं की भिरकावायचा. एकदा ते ताट धाकटीच्या कपाळाला लागलं आणि भळाभळा रक्त आलं. धाकटीनं हूं की चूं केलं नाही. पदरानं कपाळ दाबलं, हातातली काठी उलटी धरली आणि मुठीकडून अशी हाणली की दादाचं नाक मोडलं.

"आता तू मार," ती म्हणाली. "पण आधी मी कुठं उभी आहे ते शोध."

त्यानं दोन्ही हातांनी हवा पिंजली. खाटेच्या पायात अडकून पडला, उठला, कोनाड्यावर डोकं आपटलं. ती काही सापडली नाही. आई चुलीपुढून म्हणाली, "शोध, शोध. तेवढंच घर पाठ होईल." त्या दिवसापासून धाकटी त्याची मास्तरीण झाली. भिंत जवळ आली की आवाज कसा दाटतो, उघडा दरवाजा गालाला कसा कळतो, हे सगळं तिनं त्याला शिव्या देत देत शिकवलं. वर्षभरात तो पुन्हा दुकानात बसायला लागला. तार भरायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, हे त्याला तेव्हा कळलं.

धाकटी खुर्च्या विणायच्या कारखान्यात कामाला होती. तिथं आठही विणकर आंधळे. कारखाना मालधक्क्याच्या समोर, रस्त्यापलीकडं. रस्ता सतरा पावलांचा, पण दिवसभर ट्रक मागं मागं सरत धक्क्याला लागायचे. एका सकाळी विणकरांतला सगळ्यात म्हातारा त्या रस्त्यात सापडला. ट्रक मागं येत होता. वीसेक माणसं धक्क्यावर उभी होती आणि वीसही माणसं ओरडली, "अरे, इकडं. इकडं सरक." इकडं म्हणजे कुठं, ते एकानंही सांगितलं नाही. म्हातारा दोनदा गर्रकन फिरला आणि चाकाखाली गेला. छातीचा पिंजरा मोडल्याचा आवाज धाकटीनं पाच पावलांवरून ऐकला.

कारखान्याच्या मालकानं दुसऱ्या दिवशी फतवा काढला. ज्याला डोळस माणूस हात धरून आणून सोडेल त्यानंच यावं, बाकीच्यांनी घरी बसावं. वाइंडरच्या घरी डोळस होती ती एक आईच, आणि आईच्या गुडघ्यांना खाटेपासून चुलीपर्यंतचाच प्रवास झेपायचा. धाकटीचं काम सुटलं.

"मी आता काय करू?" तिनं विचारलं.

"घरी बस," आई म्हणाली.

"घरी बसून या दादाचं घोरणं ऐकू? त्यापेक्षा ट्रक बरा."

मध्यंतरी एक संस्थावाले आले होते. त्यांच्याकडं कानात घालायचं यंत्र होतं, ते रस्ता सांगायचं म्हणे. वाइंडरनं ते घातलं आणि दोन मिनिटांत उपटून काढलं. "साहेब, मला रस्ता दिसतो तो कानांनी," तो म्हणाला. "आणि तुम्ही त्यातच बोळा कोंबताय." किंमत ऐकून आईनं साहेबांना विचारलं की यात घरही सोबत येतं का.

पण त्या यंत्रानं वाइंडरच्या डोक्यात किडा सोडला. भंगारात दाराच्या बिनतारी घंट्या पोत्यानं मिळतात. एक बटण, एक डबी. बटण दाबलं की तीस-चाळीस पावलांवरची डबी वाजते. त्यानं डबीतली घंटी काढली आणि बोलक्या बाहुलीच्या पोटात असते ती आवाजाची टिकली बसवली. टिकलीत दहा सेकंदांचं बोलणं मावतं. बटण माणसाच्या मुठीत, डबी भिंतीवर. बटण दाबलं की भिंत बोलते, आणि आवाज जिकडून येतो तिकडं भिंत आहे हे आंधळ्याला आपोआप कळतं. कान मोकळेच्या मोकळे. पावसानं बिघडू नये म्हणून त्यानं डब्यांच्या कडा मेणानं बुजवल्या.

आवाज आईचा. दुसरा होता कुणाचा? दहा सेकंदांत आई पत्ता सांगायची आणि वर एक टोमणाही बसवायची. चौथी डबी म्हणायची, "चौथी मी. डावीकडं उघडं गटार. मागच्या वेळी पडलास ते विसरलास काय?" बटण दाबलं की अख्खी गल्ली हसायची. घर ते कारखाना चौदा डब्या झाल्या. प्रत्येक डबी वाइंडरनं स्वतःच्या हातानं, बोल्टनं आवळून बसवली. शेजारचा चहावाला म्हणाला, "मी येऊ का सोबत, बघायला?" वाइंडर म्हणाला, "तुला बघता येतं, मला बसवता येतं. तू चहा उकळ."

सगळ्यात महत्त्वाची नववी डबी. ती धक्क्याच्या कोपऱ्यावर. तिथं वाइंडरच्या हाताला भिंतीला लागून एक उभा लोखंडी पाइप लागला, कानाच्या उंचीचा. त्यानं तो दोन्ही हातांनी हलवून बघितला. इंचभरही हलला नाही. त्यावर त्यानं डबी आवळली. आईचं बोलणं असं: "नववी मी. पाठ मला लाव. समोर सतरा पावलं. ट्रकचा आवाज नसला तरच नीघ. धांदल केलीस तर मरशील."

पाठ लावायची, ही खुबी धाकटीची. आंधळ्या माणसाला सरळ चालणं सगळ्यात अवघड. पाठ टेकली की तोंड बरोबर कारखान्याच्या फाटकाकडं व्हायचं. मालकानं चार दिवस उभं राहून बघितलं आणि फतवा मागं घेतला. धाकटी कामाला लागली, आणखी दोघा विणकरांनीही बटणं नेली. चार महिने ती रोज जाताना त्या पाइपाला पाठ टेकून रस्ता ओलांडत होती. येताना कारखान्याच्या फाटकावरची दहावी होतीच, आणि अकरावी ते चौदावी फाटकाच्या आत. मुकादम आणि वाइंडर मात्र एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. मुकादमाच्या विडीचा वास आला की वाइंडर बाजूला थुंकायचा, आणि तो थुंकला की मुकादम खोकायचा.

पाचव्या महिन्यात एका सकाळी दहाच्या सुमाराला धाकटीनं बटण दाबलं. नववी बोलली, पण आवाज रोजच्यापेक्षा जरा डावीकडून आला. तिला वाटलं, आपलीच चार पावलं चुकली. ती आवाजाकडं गेली, हातानं पाइप चाचपला. तोच पाइप, तीच डबी. पाठ टेकली, ट्रकचा कानोसा घेतला आणि निघाली. सहाव्या पावलाला तिच्या पायाखाली उतार लागला. रस्त्यात उतार नाही हे तिच्या ध्यानात येईपर्यंत ती ट्रक लागायच्या खाचेत उतरली होती. वर उभा असलेला ट्रक इंजिन बंद ठेवून उतारानंच मागं येत होता. आवाज नव्हता. चाक तिच्या डाव्या पावलावर चढलं आणि तिथंच थांबलं, कारण ड्रायव्हरला काहीतरी लागल्यासारखं वाटलं. मग तो काय लागलं ते बघायला खाली उतरला. चाक तसंच वर.

दवाखान्यात पाऊल घोट्यापासून कापलं. शुद्धीवर आल्यावर धाकटी एवढंच म्हणाली, "दादा, नववी जागेवर नव्हती."

वाइंडर रात्रभर खुर्चीत बसून होता. उजाडल्यावर घरी गेला, मोटारीच्या खाचेत तार ठोकायचा लाकडी हातोडा कमरेला खोचला आणि काठी आपटत धक्क्यावर गेला. कोपऱ्यावर त्यानं बटण दाबलं. "नववी मी," आई म्हणाली. पण ती पाच-सहा पावलं डावीकडून म्हणाली. त्यानं भिंत चाचपली. पाइप नव्हता. पाइपाच्या जागी नुसती भिंत होती, आणि भिंतीत एक मोकळी कडी.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाइप उपटून डबी हलवायला हातात हमालांची ताकद लागते, आणि हमाल ज्याच्या शब्दावर हलतात तो माणूस त्याला पक्का ठाऊक होता.

मुकादम स्वतःहून जवळ आला, हीच त्याची चूक. विडीचा वास आला आणि आवाज आला, "धाकटी कशी आहे?"

वाइंडरनं डाव्या हातानं आवाजाच्या खालचा शर्ट पकडला आणि उजव्या हातानं हातोडा काढून आवाजावरच घातला. दात तुटल्याचं त्याच्या मनगटाला कळलं. मुकादम मागं झुकला तसा हाही त्याच्यासोबत झुकला, शर्ट सोडला नाही. दुसरा घाव गालफडावर, तिसरा गळ्याजवळच्या हाडावर. ते हाड मोडताना ओल्या फांदीसारखं वाजलं. मुकादमानं त्याच्या पोटात गुडघा घातला. वाइंडरच्या तोंडातून आंबट पाणी आलं, तरी त्यानं हात वर सरकवून हाताला लागला तो कान पकडला आणि पिळला. दोघं जमिनीवर आले. हमाल धावले. एकानं वाइंडरच्या पाठीत पोती ओढायचा आकडा मारला, दुसऱ्यानं मनगटावर पाय देऊन हातोडा सोडवला, तिसरा बरगड्यांत लाथा घालायला लागला.

"थांबा," मुकादम म्हणाला. तोंड रक्तानं भरलेलं, त्यामुळं तो शब्द आधी कुणाला कळलाच नाही. तो थुंकला आणि पुन्हा म्हणाला, "थांबा म्हणतो ना. याला उठवा."

"डबी तू हलवलीस," वाइंडर जमिनीवरून म्हणाला. "डोळे मला मारून घेतलेस, ते मी गिळलं. तिचा पाय कशाला?"

"तू चल आधी."

मुकादमानं त्याच्या मनगटाला धरलं, आपल्या वाकड्या बोटांनी, आणि पाच-सहा पावलं फरफटत नेलं. मग त्याचा हात एका थंड पाइपावर दाबला. "ही तुझी डबी. तुझेच बोल्ट. आता हात खाली ने."

वाइंडरनं हात खाली नेला. पाइप कमरेपाशी वळला. खाली आडवी पट्टी लागली, पट्टीला जोड, जोडाला पत्रा, पत्र्याखाली आस. आसाला ताजं ग्रीस होतं. शेवटी त्याच्या तळव्याला रबर लागलं. गोल रबर. त्यानं पाइप ढकलला. पाइप डबीसकट, पत्र्यासकट हातभर पुढं गेला आणि चाकं कुरकुरली.

माल ओढायची ती ट्रॉली होती. एक चाक निखळलं म्हणून वर्षभर उभी करून भिंतीच्या कडीला साखळदंडानं आवळून ठेवलेली. पाइप म्हणजे तिचा दांडा. परवा नवं चाक आलं, ट्रॉली कामाला लागली, आणि काल सकाळी हमालांनी ती खाचेच्या तोंडाशी सावलीत उभी केली.

"आम्हाला वाटलं तुला ठाऊक आहे," मुकादम म्हणाला. "तूच लावलीस ना? आंधळा असलास तरी कारागीर आहेस. वाटलं, काहीतरी विचार करूनच लावली असेल." मग रक्त थुंकून म्हणाला, "परवा ढकलताना कुणा आंधळ्यानं बटण दाबलं तर ट्रॉली बोलली. पोरं पोट धरून हसली. मीपण हसलो. पुढचं कुणाच्या डोक्यात आलं नाही."

वाइंडर चाकावर हात ठेवून तिथंच ग्रीसमध्ये बसला. पाठीतून रक्त चाललं होतं. चार महिने डब्या तपासायला येताना त्यानं या लोखंडाला रोज हात लावला होता, पण छातीच्या खाली कधी नेला नव्हता. डोळस माणसाला लांबूनच चाकं दिसली असती. चहावाल्याला दिसली असती.

त्यानं हे धाकटीला सांगितलं ते दवाखान्यात, तिच्या खाटेशी उभं राहून, काठी तिच्या हातात देऊन. "नाक तसंही वाकडंच आहे," तो म्हणाला. "हाण."

धाकटीनं काठी खाटेवर ठेवली. "मीपण चार महिने पाठ टेकत होते त्याला," ती म्हणाली. "माझाही हात कधी खाली गेला नाही. खांब म्हटला की खांब." बराच वेळ ती पायाच्या बांधलेल्या टोकावरून बोटं फिरवत राहिली. "कुबडी मिळेल म्हणतात. मालक म्हणतो, पुन्हा डोळस माणूस पाहिजे. तू काय म्हणतोस?"

"मी डब्या काढून टाकतो सगळ्या."

"काढ. आणि मी काय विणू, तुझ्या जटा?" तिचा आवाज चढला. "विणायला पाय लागत नाही मला. तिथवर पोचायला लागतो. डबी पुन्हा लाव. पण आता लावायच्या आधी कुणाला तरी विचार, हे हलतं का म्हणून."

"कुणाला विचारू?"

"धक्क्यावरचं काय हलतं आणि काय हलत नाही हे ज्याला ठाऊक आहे त्याला."

रिक्षात घालून आणलेली आई पलीकडच्या खाटेवर बसली होती. ती म्हणाली, "जा. त्यानं मारलं तर मार खा. पोट भरलेलं असू दे मात्र."

वाइंडर धक्क्यावर गेला. मुकादमाचा एक हात गळ्यात बांधलेला होता आणि बोलताना तुटलेल्या दातांच्या फटीतून शिट्टी वाजायची. वाइंडरनं माफीबिफी मागितली नाही. एवढंच विचारलं, "इथं न हलणारं काय आहे?"

"काही नाही," मुकादम म्हणाला. "इथं सगळं चाकावर आहे. खांब रोवावा लागेल."

रोवला. हमालांनी कमरेएवढा खड्डा खणला, जाड पाइप उभा केला आणि सिमेंट ओतलं. सिमेंट पक्कं होईपर्यंत दोघं घरापासून कारखान्यापर्यंत चौदाच्या चौदा जागा फिरले, पुढं मुकादम, मागं वाइंडर. प्रत्येक ठिकाणी एकच सवाल.

"हे हलतं का?"

"भिंत आहे. नाही."

"हे?"

"विजेचा खांब. नाही."

"हे?"

मुकादमानं मान वर करून बघितलं. "हे फळवाल्याच्या गाडीचं छत आहे, बाबा. गाडी रोज घरी नेतो तो."

"तरीच सातवी रात्रीची बोलत नाही," वाइंडर म्हणाला.

मुकादमाला हसू आलं तशी गळ्याजवळच्या हाडात कळ आली. मग त्यानं वाइंडरला आईवरून एक शिवी हासडली आणि पुढं निघाला.

अडीच महिन्यांनी, ज्या दिवशी धाकटी कुबडीवर घराबाहेर पडणार होती त्या सकाळी, वाइंडरनं नव्या खांबावर नववी डबी आवळली. आईला रिक्षात घालून आणली होती, ती धक्क्याच्या पायरीवर बसली होती. शेवटचा बोल्ट बसला. वाइंडरनं खांब हलवला. हलला नाही. हात खाली नेला, अगदी मातीपर्यंत. खाली सिमेंट लागलं, दगडासारखं.

"झालं?" मुकादमानं विचारलं.

"झालं."

"पाना खाली ठेव."

वाइंडरनं पाना खाली ठेवला. पुढं काय आहे ते त्याला ठाऊक होतं. तो पाय रोवून, हात सोडून उभा राहिला. मुकादमानं ती वाकडी मूठ वळली आणि त्याच्या जबड्यावर घातली. एकच. वाइंडर खांबावर आपटून खाली बसला. खांब जरासुद्धा हलला नाही.

"खांब चांगला आहे," खाली बसूनच तो म्हणाला.

धाकटी आली. तिनं बटण दाबलं. नववी बोलली. ती खांबाशी गेली, पण पाठ लावायच्या आधी कुबडी काखेत दाबून एका पायावर वाकली आणि तळापर्यंत चाचपून बघितलं. मग पाठ टेकली, कानोसा घेतला आणि निघाली. कुबडीचं टोक वाजायचं, मग पाय, मग टोक. सतरा पावलं आता कुबडीवर तीस झाली होती, आणि ती मोठ्यानं मोजत होती, म्हणजे ऐकणाऱ्यांनाही कळावं की आपण रस्त्यात आहोत.

सोळावर असताना एक ट्रक मागं सरायला लागला. वाइंडर ताडकन उठला. पण कुणी "इकडं, इकडं" म्हणून ओरडलं नाही. ट्रकच्या पत्र्यावर धाडधाड हात पडला, ट्रक खसकन थांबला आणि दरवाजा उघडल्याचा आवाज आला, मग कुणाला तरी ओढून खाली आपटल्याचा, मग लागोपाठ चार कानफटात.

"कोण?" वाइंडरनं विचारलं.

"ड्रायव्हर," आई पायरीवरून म्हणाली. "मुकादमानं काढला बाहेर. एका हातानं मारतोय, पण बरा मारतोय."

"सतरा," धाकटी रस्त्यातून म्हणाली. ती थांबली नव्हती. "अठरा. एकोणीस."

वाइंडरच्या तोंडात रक्त साचलं होतं, पण गिळण्याच्या आवाजानं मोजणी चुकेल म्हणून तो गिळतही नव्हता. तीस झाले. मग कारखान्याच्या लोखंडी फाटकावर कुबडी तीनदा आपटली.

"पोचली?" आईनं विचारलं. तिला दिसत होतं, तरी विचारलं.

"पोचली."

"मग थुंक तो दात. मघापासून तोंडात घोळवतोयस."

वाइंडरनं दात हातावर थुंकला, चाचपून बघितला, मुळासकट निघाला होता. तो त्यानं ट्रकच्या खाचेत भिरकावला आणि पाना शोधायला खाली वाकला. सातवी अजून फळवाल्याच्या गाडीच्या छतावरच होती.